सावलीचे माप

वेसेलाबाईंनी लोकरीचे टोक दातांत धरले, लाल गुंडा गवतावर सोडला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी वाजवली. तिसरीच्या वर्गाला गप्प करण्याचा हा त्यांचा जुना उपाय होता. एरवी टाळीसोबत एक आरोळीही असायची, आज तोंडात दोरा असल्याने ती राहिली. तरीही वर्ग गप्प झाला. पडक्या बुरुजाच्या सावलीत पाय दुमडून बसलेली सगळी पोरे त्या लाल गुंड्याकडे बघत होती.

"हं, सांगा आता," बाईंनी दोरा तोंडातून काढला. "कोणाची सावली मोजू?"

एकदम हातांचे रान उठले.

"बाई, माझी!"

"बाई, मी सगळ्यांत उंच आहे!"

"कसला उंच, बाई, टाचा वर केल्यात त्याने!"

गोष्ट नुकतीच सांगून झाली होती. कुठल्याशा बल्गार राजाने हा किल्ला बांधायला घेतला, पण बुरूज काही उभा राहीना. दिवसभर बांधावा आणि रात्री ढासळावा. शेवटी गवंड्यांनी ठरवले की उद्या सकाळी या वाटेने जे माणूस पहिले येईल त्याची सावली दोऱ्याने मोजायची आणि तो दोरा भिंतीत चिणायचा. मग भिंत कधी पडत नाही, पण ज्याची सावली चिणली ते माणूस चाळीस दिवसांत मरते. त्या रात्री प्रत्येक गवंड्याने घरी जाऊन आपापल्या माणसांच्या कानात सांगितले, उद्या तिकडे फिरकू नका. आणि सकाळी वाटेने गाणे म्हणत आली ती एक पोरगी, जिला सांगणारे कोणी नव्हते.

दरवर्षीच्या सहलीत बाई ही गोष्ट याच बुरुजाखाली सांगत. लोकर मात्र यंदाची होती. हिवाळ्यात तालुक्याच्या प्रशिक्षणात एका तरण्याबांड साहेबाने सगळ्या शिक्षकांना ऐकवले होते की मुलांना नुसते सांगू नका, करायला लावा. मुख्याध्यापिकाबाईंनी तर निघताना बजावूनच ठेवले होते, फोटो चांगले आले पाहिजेत. तेव्हा बाईंनी घरच्या टोपलीतून उरलेली लोकर पिशवीत टाकली आणि आपल्याला हे सुचले याचे त्यांना बसमध्ये बसल्या बसल्या कौतुकही वाटले होते.

"कालोयान, ये तू."

कालोयान उडी मारून उठला. त्याची आई गाल्या पालक संघाची अध्यक्ष होती आणि या सहलीत मदतीला म्हणून आली होती. म्हणजे बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा तिची आणि फोटो काढायचे कामही तिचेच. ती दगडावरून झटकन उठली.

"अहो बाई, त्याला नको. काल रात्री अंग गरम होतं त्याचं. उन्हात उभं करू नका."

"आई, काहीच नव्हतं मला!"

"तू गप रे."

अंग गरम असलेला हा पोरगा सकाळपासून दोनदा बुरुजावर चढून आला होता आणि एकदा खंदकातल्या डबक्यात बुटासकट उतरला होता. 

"बरं. मग सिमोना?"

सिमोनाची आई इवांकाही सहलीला आली होती, ती औषधांच्या दुकानात कामाला होती. राजधानीत, सोफियाला शिकलेली बाई. कोणी म्हातारीने पोराची दृष्ट काढायला पाणी मागितले तर ती तिला आधी ताप मोजायला लावायची. ती डबा उघडत म्हणाली, "सिमोना, आधी अंडं खाऊन घे. पोटात काही नाही तुझ्या."

"आई, बसमध्ये दोन सँडविच खाल्ले मी."

"दोन सँडविच म्हणजे काय खाणं झालं? इकडे ये म्हटलं ना!"

आणि पोरगी जवळ येताच इवांकाने कोणी बघत नाही असे पाहून म्हाताऱ्या अरिष्ट टाळायला करतात तसे आपल्या कॉलरीत तीनदा थुंकल्यासारखे केले. बाईंनी ते पाहिले.

तिथेच थांबता आले असते. झाडाची सावली मोजता आली असती, खाली बसमध्ये घोरत पडलेल्या मिंचोकाका ड्रायव्हरची मोजता आली असती, नाहीतर स्वतःची. पण हे सगळे नंतर सुचायचे होते. त्या वेळी बाईंच्या हातात दोरा होता, समोर पोरे ताटकळली होती आणि गाल्याचा फोन फोटोसाठी उगारलेला होता. बाईंची नजर रांगेवरून फिरली. याचा बाप नगरपालिकेत. हिची आई संध्याकाळच्या आत फोन करील. याची आजी तर थेट शाळेतच येऊन उभी राहील. शिकलेल्या बाईचे डोके अशा वेळी फार चपळ चालते. नजर शेवटच्या रांगेत यानित्सावर आली आणि तिथे थांबली. यानित्साची आई दारिना स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला जायची, जानेवारीत गेली की जूनमध्ये उगवायची. बापाचा पत्ता नव्हता. घरी होती ती आजी, तिच्या गुडघ्यांनी तिला शाळेचे फाटक कधी दाखवले नव्हते.

यानित्साचा हात वर नव्हता.

"यानित्सा, बाळा, तू ये."

ती आली. ती नेहमीच यायची. फळा पुसायला, खडू आणायला, कोणी ओकले तर भुसा टाकायला. ती उन्हात जाऊन उभी राहिली आणि हात अंगाशी घट्ट धरले. सूर्य चढला होता, सावली तिच्याहून आखूड पडली होती. बाईंनी गुडघे टेकले, टाचेपाशी अंगठ्याने दोरा दाबला आणि गवतावरून डोक्याच्या टोकापर्यंत ताणून दातांनी तोडला. मग तो तुकडा कालोयानकडे दिला. दोरा चिणायला त्याच्या आईची हरकत नव्हती. त्याने तो बुरुजाच्या फटीत कोंबला, काटकीने आत आत ढोसला आणि वर एक दगड ठोकून बसवला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"बाई, जरा इकडे बघा! हसा की! यानित्सा, तूही हस गं!" गाल्या म्हणाली.

यानित्सा हसली.

"चाळीस दिवस म्हणजे कधी होतात रे?" कोणीतरी विचारले.

"सुट्टी लागली की लगेच!"

"यानित्सा, मग तुझे रंग मला दे."

"माझे रंग संपलेत," यानित्सा खरे तेच म्हणाली.

"कालोयान! जीभ आवर," बाई ओरडल्या.

"अहो बाई, तुम्हीच तर सांगितलंत ना!"

यावर पोरे खिदळली आणि बाईही हसल्या. आपले हसणे आपल्यालाच कसेसे वाटले, तशी त्यांनी घाईने जेवणाची सुट्टी जाहीर केली.

ढासळलेल्या तटाच्या आडोशाला चादरी पसरल्या. डबे उघडले, चीज घातलेल्या बनित्साचा तुपकट वास सुटला, उकडलेली अंडी एकमेकांच्या कपाळावर फोडून झाली. गाल्या आणि इवांका बाईंना आग्रह करत होत्या. इतका आग्रह दोघींनी आजवर कधी केला नव्हता. "घ्या ना बाई, अजून एक घ्या, तुम्ही किती दमता हो आमच्या पोरांमागे." बाई घेत होत्या आणि घास तोंडात फिरत होता. सावलीबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हते. सगळ्या जणी सुशिक्षित होत्या.

तेवढ्यात बाईंचा फोन थरथरला. गाल्याने फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. बाई गुडघ्यांवर, हातात लाल दोरा, मागे बुरूज आणि उन्हात ताठ उभी, हसणारी यानित्सा. खाली अंगठे आणि फुले पडत होती. आणि त्यांत एक मोठा निरोप होता, दारिनाचा. स्पेनमधल्या जेवणाच्या सुट्टीत, काचेसारख्या प्लास्टिकच्या छपराखाली उभे राहून तिने तो लिहिला असणार.

"बाई, फोटो बघून डोळे भरून आले. एवढ्या मुलांतून तुम्ही माझ्या पोरीला पुढे बोलावलंत. तिला कोणी पुढे करत नाही. तुमचे उपकार विसरणार नाही. देव तुमचं भलं करो."

बाईंनी तो निरोप वाचला, फोन पालथा ठेवला, मग पुन्हा उचलून वाचला. त्यांना लाज वाटली. तीस वर्षांत रागावल्या असतील, कंटाळल्या असतील, एखाद्या वर्षी धडा गाळला असेल, पण अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. समोर इवांका काकडीचे काप पुढे करत होती. बाई उठल्या.

यानित्सा सगळ्यांपासून दूर एका दगडावर बसली होती. मांडीवरच्या कागदात तिची बनित्सा होती तशीच होती.

"जेवली नाहीस का गं?"

"भूक नाही, बाई."

"तुझ्या आईने फोटो बघितला. तिला खूप आनंद झाला."

यानित्साने वर पाहिले. "तिला माहितीये? कशाचा फोटो आहे ते?"

बाई तिच्या शेजारी टेकल्या. खालून नदीचा आवाज येत होता.

"बाई, एक विचारू? आई स्ट्रॉबेरी संपली की येणार आहे. जूनमध्ये. म्हणजे चाळीस दिवस आधी होतात, का ती आधी येईल?"

आठवड्याला चार तास गणित शिकवणाऱ्या बाईंना हे साधे गणित करवेना. एप्रिलचे उरलेले दिवस, मग मे, मग किती. त्या बोटांकडे बघत राहिल्या आणि बोटे हलवण्याचा त्यांना धीर होईना.

"बाळा, ती गोष्ट आहे. नुसती गोष्ट. असं काही होत नसतं."

"काहीच होत नाही?"

"काही नाही."

"मग कालोयानच्या आईने त्याला का नाही मोजू दिलं?"

"त्याला बरं नव्हतं ना."

यानित्साने बनित्साचा कागद नीट घडी घालून बंद केला. बाई खोटे बोलतात तेव्हा काय करायचे हे तिला शाळेत कोणी शिकवले नव्हते, म्हणून ती फक्त घडी घालत राहिली. बाईंना ते बघवेना.

"चल," त्या उठल्या. "काढून टाकू आपण तो दोरा."

"काही होत नाही तर कशाला काढायचा?"

"चल म्हटलं ना."

दोघी बुरुजापाशी आल्या. तटापलीकडे पोरांचा गलका चालू होता. इकडे कोणी नव्हते, एक सरडा दगडावर ऊन खात बसला होता तोही निघून गेला. बाईंनी कालोयानचा दगड हलवून पाहिला. त्या पोराने घरच्या कामात कधी दाखवला नसेल एवढा जोर तिथे लावला होता. बाईंचे नख तुटले. शेवटी दगड निघाला. आत अंधारात, बोटाच्या टोकाला लोकर लागत होती आणि निसटत होती. बाईंनी केसांतली पिन काढली, वाकडी केली, फटीत घातली आणि हळूहळू ओढली. दोऱ्याचे टोक बाहेर आले.

"आलं बघ! आलं!"

त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी हिसका दिला. लोकर ताणली गेली, आत कशाला तरी अडकली आणि तुटली. बाईंच्या हातात वीतभर तुकडा आला. उरलेला आतच राहिला. पिन घालून पाहिली, काटकी घालून पाहिली, गाल दगडाला लावून एक डोळा मिटून पाहिले. आत नुसता गारवा होता.

यानित्सा बाजूला उभी राहून हे सगळे बघत होती. "अर्धी निघाली," ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिने विचारले, "मग आता किती दिवस, बाई?"

बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. गुडघ्यांना माती लागली होती, केस सुटले होते. पोरीच्या आवाजात रडे नव्हते, हे त्यांना जास्त लागले. रडली असती तर जवळ घेता आले असते, नाक पुसता आले असते, गोळी देता आली असती. बाईंच्या खिशात रडणाऱ्या पोरांसाठी गोळ्या असायच्याच. या पोरीने त्यांना फक्त एक गणित घातले होते.

"ऐक," त्या म्हणाल्या आणि खिशातून गुंडा काढून तिच्या हातात दिला. "आता माझी मोज. माझी सावली मोज आणि घाल त्या फटीत, तुझ्या दोऱ्यावर. मी मोठी आहे, माझी सावली लांब. भिंतीला तेवढी पुरे. तुझी मग लागायची नाही."

"खरंच?"

"खरंच. मी इथे उभी राहते."

त्या उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. शाळेच्या प्रार्थनेला राहतात तशा, पाय जुळवून. आपण हे बरे केले असे त्यांना वाटले. पोरीचे मन हलके होईल, आपलेही होईल. पुढच्या वर्षी लोकर आणायचीच नाही.

यानित्सा गुडघ्यांवर बसली. बाईंच्या टाचेपाशी तिने अंगठ्याने दोरा दाबला, अगदी बाईंनी दाबला होता तसाच, आणि गुंडा सोडवत गवतावरून पुढे सरकू लागली. काम करताना तिची जीभ ओठांतून जराशी बाहेर यायची. दोरा सावलीच्या पोटऱ्यांवरून गेला, स्कर्टच्या घेरावरून गेला, कमरेवर आला. बाई वरून बघत होत्या. दोरा पाठीवर आला, खांद्यांच्या मधोमध आला.

वार्ना शहरात बाईंच्या मुलीला आठवा महिना लागायचा होता. पहिले बाळंतपण. तारीख जूनची दिली होती. सुट्टी लागली की दुसऱ्याच दिवशी आगगाडीत बसायचे, तिकीट काढून ठेवले होते. एप्रिलचे उरलेले दिवस, अधिक मेचे एकतीस, अधिक. गणित एका क्षणात सुटले. बाईंनी सोडवले नव्हते, ते आपोआप सुटून उत्तरासकट समोर येऊन उभे राहिले.

यानित्साचा हात मानेपाशी आला होता. तिने दोरा डोक्याकडे ताणला, आणि डोक्याची सावली तिथे नव्हती. ती दोन पावले पलीकडे सरकली होती.

यानित्साने दोऱ्याकडे पाहिले, मग सावलीकडे, मग मान वर करून बाईंकडे.

"बाई, तुम्ही हललात."

"हो का?" बाईंनी एक पाय झटकला. "खडा टोचला गं पायाला. परत मोज."

यानित्साने बाईंच्या पायांखाली पाहिले. तिथे मऊ गवत होते आणि बाईंच्या पायांत जाड तळव्यांचे बूट होते. बाई पुन्हा आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पाय जुळवले, श्वास धरला आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिल्या. आता नाही हलणार, त्या मनात म्हणत होत्या, आता काही झाले तरी नाही. आणि दोरा अंगाला लागायचाही नव्हता, तरी पाठीवर काटा उभा राहिला होता.

पण दोरा आलाच नाही. बाईंनी खाली पाहिले तर यानित्सा लोकर परत गुंडाळत होती. हस्तकलेच्या तासाला बाईंनीच शिकवले होते तशी, चार बोटांवर, सैल हाताने.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला भीती वाटली."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पहिलीतल्या पोराला समजवावे तसे ती म्हणाली होती. 'छे, मला कसली भीती' हे वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होते. ते त्यांनी कसेबसे गिळले.

"हो," त्या म्हणाल्या. "वाटली."

आणि मग, कोणी विचारले नसताना, "आणि तरी मी तुझी मोजली."

"माहितीये," यानित्सा म्हणाली. तिने गुंडा बाईंच्या हातात ठेवला आणि गुडघ्यांवरचे गवत झटकले.

खाली रस्त्यावर मिंचोकाकांनी हॉर्न दिला. एकदा, मग वैतागून लांबलचक. तटापलीकडे गाल्या पोरे मोजत होती आणि "बाई कुठे गेल्या, बाई?" असे विचारत होती. बाईंनी फोन काढला, दारिनाचा निरोप उघडला, 'दारिना' एवढे लिहिले आणि पुढे काय लिहायचे ते न कळून तसेच ठेवले. रात्री फोन करायचा, सगळे सांगायचे, ती शिव्या देईल त्या ऐकायच्या. एवढे ठरवले तेव्हा त्यांना चालता येऊ लागले.

किल्ल्याची उतरण अरुंद होती, पायऱ्या झिजलेल्या. यानित्सा पुढे होती, बाई भिंतीला हात लावत मागे. डोळ्यांत पाणी आल्याने त्यांना नीट दिसत नव्हते. तिने दोनदा मागे वळून पाहिले. तिसऱ्यांदा ती थांबली, एक पायरी वर आली आणि तिने बाईंचा हात धरला.

"इथला दगड हलतोय, बाई," ती म्हणाली. "इथे पाय नका देऊ."